माझ्या चेहऱ्यावरचे सतरा फुगे

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महिला हस्तकला मंडळाचेही अध्यक्ष, माननीय गजेंद्रराव देशमाने; मोताळ्याहून एवढ्या उन्हात आलेल्या प्रमुख पाहुण्या माननीय पुष्पांजलीताई; व्यासपीठावरचे मंडळाचे सन्माननीय सभासद; चिखलीतले आमचे जुने ग्राहक आणि हितचिंतक; आणि मागच्या सतरंजीवर भिंतीला टेकून, मान खाली घालून बसलेल्या माझ्या केंद्रातल्या पंधरा जणी. माना वर करा. मी मुख्यतः तुमच्याशीच बोलणार आहे.

निवेदन करणाऱ्या ताईंनी आत्ता जाहीर केलं की सत्कारमूर्ती वासंतीबाई आपलं भावपूर्ण मनोगत व्यक्त करतील. मनोगत करते. भावपूर्णचं तेवढं माझ्याकडून होईलसं वाटत नाही, कारण मी रागावले आहे. साधीसुधी नाही, चांगली रागावले आहे. चौदा वर्षं या केंद्रात शिकवलं, आज शेवटचा दिवस, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा मला आवाज चढवायला लावलात.

आपण सर्वांनी मला शाल दिली, श्रीफळ दिलं, पुष्पांजलीताईंनी माझ्याबद्दल फार चांगले शब्द वापरले. त्यातले निम्मे दुसऱ्याच कोणा बाईबद्दल असावेत असं वाटलं, पण ते असो. मी मनापासून ऋणी आहे. राग त्याचा नाही. राग या स्मृतिचिन्हाचा आहे. हे बघा. मागच्यांना दिसतंय का? फूटभर फरशी, मधे माझा फोटो, भोवती तिळाच्या फुलांची वेल, वरून रेझिनचा थर. माझ्या नकळत मुलींनी केली. कापड बाजूला सारलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण माझे डोळे आधी थरावर जातात, मग चित्रावर. आणि थरात फुगे आहेत. सतरा. मी मोजलेत. कपाळावर सहा, उजव्या गालावर पाच, हनुवटीवर पाच आणि नाकाच्या शेंड्यावर एक. तो तर चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेझिन म्हणजे मधासारखा घट्ट द्रव. त्यात तो कडक करणारा हार्डनर मिसळायचा आणि फरशीवर ओतायचा. चोवीस तासांनी तो काचेसारखा होतो आणि त्यानंतर देवसुद्धा त्यातला फुगा काढू शकत नाही. म्हणून जे काही करायचं ते ओल्यातच. आता हे मी या पंधरा जणींना किती वेळा सांगितलं असेल? फरशी साबणानं धुवा, थिनरनं पुसा, नंतर तिच्यावर बोट ठेवू नका. कागदाच्या फोटोला दोन्हीकडून गोंदाचे दोन हात द्या, नाहीतर कागदातली हवा वर येते. थंडीच्या दिवसांत बाटली कोमट पाण्यात ठेवा. ढवळताना भज्याचं पीठ फेटल्यासारखं फेटू नका, शांतपणे, भांड्याच्या कडा निपटत ढवळा. पंखा बंद. कितीही उकडलं तरी पंखा बंद, कारण आपल्या गावात दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगचा कापूस हवेत असतो आणि त्याला बसायला ओलं रेझिन फार आवडतं. आणि सगळ्यात शेवटी, ओतल्यावर दहा मिनिटांच्या आत, छोट्या गॅसटॉर्चची ज्योत वितभर उंचीवरून फिरवायची. थांबायचं नाही, फिरवत राहायचं. ऊब लागली की थर पातळ होतो, आतली हवा वर येते आणि फुगे आपोआप फुटतात. मग धूळ बसू नये म्हणून वाळेपर्यंत वर खोकं झाकून ठेवायचं. हे इतकं सोपं आहे. आमच्या शालूबाई साठीला आल्यात, अक्षरओळख नाही, पण त्यांच्या हातच्या फरशीत फुगा राहिलेला मी कधी पाहिला नाही.

मग माझ्याच फरशीत कसे राहिले? मला दिलेल्या वस्तूतच हात आखडता घ्यायचा होता का?

हा राग मी गिळला असता. खोटं नाही सांगत. घरी नेऊन कपाटामागे ठेवली असती फरशी आणि कोणाला कळलंही नसतं. पण अध्यक्ष महोदय उठले, फरशी हातात घेतली आणि आपल्या सर्वांसमोर माझ्या नाकावरून बोट फिरवलं. म्हणजे फोटोतल्या. आणि अतिशय गोड आवाजात काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत. म्हणाले, वासंतीबाईंच्या हाताची सर कोणाला येणार नाही, याचा पुरावा मुलींनी आज स्वतःच दिलेला आहे, तेव्हा बाईंनंतर हे केंद्र चालवावं की कसं याचा सोमवारच्या बैठकीत आपल्याला गांभीर्यानं विचार करावा लागेल. त्यावरही टाळ्या पडल्या. कशाला वाजवल्यात हो टाळ्या? सोमवारी केंद्र बंद झालं तर आपला हॉल सरकीची पोती ठेवायला भाड्यानं जाणार आहे, हे या सभागृहात माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं का? सगळ्यांना माहीत होतं. या पंधरा जणींनासुद्धा.

गजेंद्रराव, आपण हसताय. हसा. मी वयानं आपल्यापेक्षा मोठी आहे आणि आजपासून मंडळाच्या नोकरीतही नाही, त्यामुळे मला भीती कोणाची नाही.

आता पुष्पांजलीताईंची क्षमा मागते. ताई, आपलं भाषण चालू असताना मी मधेच उठून विंगेत गेले. आपल्याला वाटलं असेल सत्कारमूर्तींना पाणी हवंय. पाणी नको होतं. मला सुचिता हवी होती.

सुचिता कोण ते ग्राहकांना सांगायला नको. अमडापूरहून रोज सकाळच्या एसटीनं येते, नऊला हजर असते, या केंद्रात पहिल्या दिवसापासून आहे. माझ्यानंतर केंद्र तिनं सांभाळावं असं पत्र मी मागच्या महिन्यात मंडळाला दिलेलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. ही फरशी कोणी ओतली असेल हे मला विचारावं लागलंच नाही. कडा बघितल्या की कळतं. सुचिताची कड कधी ओघळत नाही.

विंगेत मी तिला फार बोलले. बेअक्कल म्हटलं, हे सगळ्यांसमोर कबूल करते. म्हटलं, चौदा वर्षांत जे शिकवलं ते असं माझ्याच तोंडावर फेकलंस. अगं, तुझ्या या सतरा फुग्यांनी पंधरा घरांची मिळकत घालवलीस. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. मग मला आणखी राग आला, कारण मुकाट उभं राहणाऱ्या माणसावर ओरडताना आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो. मी फरशी उजेडाकडे धरली, म्हटलं एकेक फुगा मोजून दाखवते तुला. आणि मोजताना माझ्या लक्षात आलं ते सांगते.

वेलीवर एकही फुगा नाही.

आपण कोणी पाहिलंत? अध्यक्ष महोदय, आपण नाकावर बोट फिरवलंत, थोडं बाजूला फिरवायचं होतं. पान नाही, फूल नाही, चारही कोपरे नाहीत, कुठे फुगा नाही. कापसाचा एक तंतू नाही. थर इतका सपाट की माझ्याही हातून इतका होत नाही. जे काही बिघडलंय ते फक्त माझ्या चेहऱ्यावर. गळ्याच्या खाली साडी सुरू होते तिथे पुन्हा सगळं स्वच्छ. असं कसं होईल? एकाच भांड्यातलं रेझिन, एकाच वेळी ओतलेलं. हे आपोआप होत नाही, हे करावं लागतं. म्हणजे ज्योत सगळीकडे फिरली आणि चेहऱ्यापाशी येऊन वळली.

मी विचारलं, तोंडावरून टॉर्च फिरवला नाहीस? तिनं मान हलवली. काऊन? मी रागावले की माझ्याही तोंडी 'का'चं काऊन होतं. तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, जित्या माणसाच्या तोंडाले आग कशी लावू?"

थांबा. कुजबूज करू नका. मी सांगते काय झालं ते.

आपल्या केंद्रात सगळ्यात जास्त मागणी कशाला असते, हे इथे बसलेल्या ग्राहकांना माहीत आहे. दारावरच्या नावाच्या पाट्या असतात. देवांच्या फरशा असतात. आणि गेलेल्या माणसांचे फोटो असतात. वर्षश्राद्धाच्या आधी लोक येतात, आजोबांचा, वडिलांचा, कोणी दुर्दैवानं तरण्या मुलाचा फोटो देतात, म्हणतात, फ्रेमला वाळवी लागते, फरशीवर करून द्या. देवाच्या फोटोवरून मुली ज्योत फिरवतात ती ओवाळल्यासारखी. गेलेल्यांच्या फोटोवरून फिरवतात ती हात जोडून झाल्यावर. पण जिवंत माणसाचा चेहरा? मी विंगेत उभी राहून चौदा वर्षं आठवून पाहिली. एकही आलेला नाही. आपल्याकडे जिवंत माणसाचा फोटो असा भिंतीत कोण बसवून घेतो? पहिला जिवंत चेहरा माझा.

तिनं काय करायचं? आणि तिला वाटलं त्यात चूक ती कोणाची?

ही गोष्ट मी सभेत सांगेन असं आज सकाळी मला कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझे यजमान शरच्चंद्र अकरा वर्षांपूर्वी गेले. जिल्हा परिषदेत लिपिक होते, इथे बऱ्याच जणांना आठवत असतील. मला घाटावर जायचं होतं. म्हटलं, माझा माणूस आहे, मी येणार. सगळ्यांनी मला धरून बसवलं, बायका जात नाहीत म्हणाले. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा दिराच्या मुलानं अग्नी दिला. जो पोरगा त्यांना वर्षाकाठी एकदा भेटायचा, त्यानं दिला. मी घरी बसून भिंतीकडे बघत होते. तो राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही आणि आज जाईल असंही नाही.

महिन्याभरानं मी त्यांच्या फोटोची फरशी केली. सुचिता मदतीला होती. मी ओतलं, टॉर्च पेटवला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ज्योत फिरवताना मी तिला म्हणाले, "घाटावर येऊ दिलं नाही ना मला, हे घे, हाच माझा अग्नी." बोलून गेले आणि विसरले. दुःखात माणूस काय काय बोलतो. मी विसरले, पण ती चोवीस वर्षांची पोर झाकणाचं खोकं हातात धरून माझ्यासमोर उभी होती. ती कशी विसरेल?

आता मला सांगा, माझ्यासारख्या बाईनं जिला असं शिकवून ठेवलं, तिनं माझ्याच तोंडावरून ज्योत फिरवायची? बरं, या मुली नुसत्या बसून राहिल्या नाहीत. सगळं विंगेत वदवून घेतलं मी तिच्याकडून. बेबीताई म्हणाल्या, सुईनं फोडू. तर बाकीच्या अंगावर धावून गेल्या, माणसाच्या फोटोत सुई टोचतात ती करणी करायला, हे आपल्याला ठाऊक आहे. मग शालूबाईंनी थंड पेयाची नळी आणली आणि एकेक फुगा फुंकरीनं फोडायला बसल्या. अर्धा तास. चक्कर येईपर्यंत फुंकत राहिल्या. चाळीस-पन्नास फुगे होते म्हणे, शालूबाईंच्या श्वासानं सतरावर आले. मग थर घट्ट व्हायला लागला आणि इलाज संपला. या म्हातारीला दम्याचा त्रास आहे, हे मंडळाच्या एकाही सभासदाला माहीत नसेल.

आणि अध्यक्ष महोदय म्हणतात, पुरावा.

गजेंद्रराव, मी आपल्यालाच विचारते आणि उत्तराची घाई नाही. या मुलींना माहीत होतं की आज आपण ही फरशी हातात घेणार. त्यांना माहीत होतं की फुगे राहिले तर आपण काय म्हणाल, सोमवारी काय होईल आणि हॉलमध्ये पोती कधी येतील. एक मिनिट टॉर्च फिरवला असता तर केंद्र वाचलं असतं. हात तयार होता, टॉर्च पेटलेला होता. त्यांनी केंद्र पणाला लावलं, पण माझ्या तोंडाला आग लागू दिली नाही. याला आपण कसब नसणं म्हणता? मग आपल्या मंडळात कसब कशाला म्हणतात ते मला एकदा लिहून द्या.

पण थांब सुचिता, डोळे पुसू नकोस, तुला मी सोडलेलं नाही. माझा राग तुझ्यावरही आहे. तुम्हा सगळ्यांवर आहे. मला विचारायचं होतं. माझ्या नकळत करायची होती ना फरशी, मग सगळं मनात ठेवून बसलात. एकदा येऊन विचारलं असतंत की मॅडम, जिवंत माणसाचा फोटो आला तर काय करायचं, तर मी सांगितलं असतं. केंद्र चालवायचंय तुला. उद्या कोणी नवरा-नवरीचा फोटो घेऊन येईल, कोणी बाळाचा पहिला वाढदिवस घेऊन येईल. त्यांना काय सांगशील, आम्ही फक्त मेलेल्यांचं काम करतो? हा व्यवसाय आहे. ज्योत फुग्यासाठी असते. माणसासाठी नसते. मी अकरा वर्षांपूर्वी जे बोलले ते माझ्या दुःखाचं बोलणं होतं, ते शिकवणं नव्हतं. चुकलं माझं. शिकवणाऱ्या बाईनं टॉर्च हातात असताना तोंड सांभाळायला हवं होतं. ते मी या सभेत, पाहुण्यांच्या समोर, परत घेते.

आता पुढचं ऐका. फरशी वाया गेलेली नाही. वाळलेल्या रेझिनवरही दुसरा थर चढतो. आज शनिवार. ही फरशी मी घरी नेत नाही, केंद्रातच ठेवते. आज संध्याकाळी शालूबाई तिला वॉटर पेपर मारतील, म्हणजे सगळे फुगे उघडे पडतील आणि नव्या थरानं भरून निघतील. शालूबाई, मारा बरं का, चेहऱ्याची काळजी करू नका, वरचा थर घासायचाय, मला नाही. उद्या रविवारी सकाळी दहा वाजता सुचिता वरून नवीन थर ओतेल आणि माझ्या तोंडावरून ज्योत फिरवेल. मी समोर बसेन. स्टुलावर, तुझ्यापुढे हातभर अंतरावर. तू फोटोवरून ज्योत फिरवायचीस आणि माझ्याकडे बघायचंस. मी जळते का बघ. सोमवारी चार वाजता बैठक आहे, तोवर तीस तास होतात. बैठकीतच खोकं उचलायचं. अध्यक्ष महोदय, बोट मात्र आधी पुसून आणा.

सुचिता, उभी राहा. करशील ना?

काय? मोठ्यानं सांग, माईकशिवाय मागे ऐकू जात नाही. ताई, जरा तिच्याकडे माईक द्या.

ऐकलंत सगळ्यांनी? ती म्हणते, "तुमी पुढ्यात बसान त फिरवतो. पन हात थरथरंन."

थरथरू दे. माझाही थरथरला होता, त्यांच्या फरशीच्या वेळी. तरी एक फुगा राहिला नाही त्यात, येऊन बघ घरी. हात थरथरला तर चालतो, एका जागी थांबता कामा नये. एवढंच लक्षात ठेव.

आता आवरते. पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते विचारत नाही. मंडळानं मला चौदा वर्षं एक हॉल दिला, पाणी दिलं, उन्हाळ्यात पंखे दिले जे मी लावू दिले नाहीत, त्याबद्दल आभार. पुष्पांजलीताईंचे आभार, भाषणातून उठले त्याची पुन्हा क्षमा मागते. गजेंद्ररावांचेही आभार मानते. आपण त्या नाकावर बोट ठेवलं नसतं तर मी फरशी कपाटामागे टाकली असती आणि मला यातलं काही कळलं नसतं. आपण मोठ्या मनाचे आहात. सोमवारी ते दिसावं अशी अपेक्षा आहे.

माझ्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो दोष माझ्या एकटीच्या नावावर लावा. या पंधरा जणींच्या नावावर लावू नका, त्यांनी माझा मान गरजेपेक्षा जास्त राखलाय.

केंद्राची किल्ली आज मंडळाकडे जमा करायची असं मला लेखी कळवलेलं आहे. ती सोमवारी जमा करीन. उद्या सकाळी दार उघडायचं आहे, तेव्हा सुचिता, इकडे ये, किल्ली घे. आणि मी यायच्या आत पंखा बंद कर.